मास्टर्सची सरासरी: थेट चारने भागू नका

मास्टर्स या गोल्फ स्पर्धेत सगळ्या खेळाडूंची एका दिवसाची सरासरी किती फटके येते हे काढताना वरच्या पोस्टमध्ये तुम्ही चारही दिवसांच्या सरासऱ्या मिळवून चारने भागलंय, तिथेच गडबड होतेय. एका खेळाडूचं ठीक आहे, २०२० ला डस्टिन जॉन्सन ६५, ७०, ६५, ६८ म्हणजे एकूण २६८ फटके, भागिले चार, ६७. पण सगळ्या फील्डची, म्हणजे सगळ्या खेळाडूंची मिळून काढताना असं चालत नाही कारण ३६ होल्सनंतर, म्हणजे दोन दिवसांनी, कट लागतो (जास्त फटके लागलेले बाहेर जातात), मास्टर्सला आता पहिले ५० आणि बरोबरीवाले एवढेच पुढे जातात, म्हणजे शनिवार-रविवारी राउंड्स (एका खेळाडूचा एका दिवसाचा खेळ म्हणजे एक राउंड) कमी आणि त्याही चांगल्या खेळणाऱ्यांच्याच.

समजा पहिले दोन दिवस ९० जण सरासरी ७४ नी खेळले आणि नंतरचे दोन दिवस ५० जण ७२ नी, तर तुमच्या पद्धतीने ७३ येतं. खरं बघायचं तर एकूण फटके २०५२०, राउंड्स २८०, उत्तर ७३.२९. फरक छोटा वाटतो पण पार ७२ च्या (७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर तो मला तरी महत्त्वाचा वाटतो!

आणि रविवारची सरासरी कमी आली म्हणून कोर्स सोपा झाला असं लगेच म्हणू नका प्लीज, कट पार केलेल्यांचेच गुरुवार-शुक्रवारचे स्कोअर काढून त्यांच्याशी ताडून बघा.