वहिनी सिगारेट ओढतात. त्यांना हार्मोनच्या गोळ्या चालतील का?

प्रश्न (धरमपेठकर, नागपूर)

माझ्या थोरल्या वहिनींचे वय 53 असून त्यांची पाळी दोन वर्षांपूर्वी थांबली. मे महिन्यात वाळ्याचा कूलर पूर्ण वेगाने चालू असतानाही रात्री त्यांचा गाऊन घामाने चिंब होतो, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. अडचण अशी, की वहिनी सुमारे पंचवीस वर्षांपासून गच्चीवर जाऊन दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतात, आणि डॉक्टरांनी विचारले तेव्हा सासूबाई शेजारीच बसलेल्या असल्यामुळे त्यांनी ‘नाही’ असे सांगितले. या गोळ्यांमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, असे एका नातेवाइकांचे म्हणणे आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर 1 (निवृत्त फिजिशियन)

‘गोळ्यांमुळे कर्करोग होतो’ हे विधान जसेच्या तसे खरे नाही, परंतु ते निराधारही नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत पाळी थांबलेल्या 16,608 स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र, तर इतरांना औषध नसलेली गोळी दिली होती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत लक्षणीयरीत्या वेगळे नव्हते. मात्र त्या कर्करोगाने झालेले मृत्यू हार्मोन घेणाऱ्या गटात 73 आणि दुसऱ्या गटात 40 होते. म्हणजे हार्मोनमुळे नवा कर्करोग सुरू होण्यापेक्षा असलेला कर्करोग अधिक घातक होत असावा, अशी शंका येते. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिलेल्या चाचणीत मृत्यूंमध्ये अशी वाढ दिसली नाही.

फुफ्फुसाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक (म्हणजे हार्मोन ज्यांना चिकटते ते रेणू, रिसेप्टर) असतात आणि धुरातील काही द्रव्यांचे घातक स्वरूपात रूपांतर करणाऱ्या विकरांवरही (एन्झाइम) या हार्मोनचा प्रभाव पडतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसात याचा परिणाम किती, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. सिगारेटचा परिणाम ठरलेला आहे, आणि तो हार्मोनच्या कितीतरी पट आहे.

उत्तर 2 (नागपूरच्या महाल भागातील वाचक)

यात एक भर घालतो. आपल्याकडे कधीही बिडी-सिगारेट न ओढलेल्या स्त्रियांनाही हा आजार होतो. चुलीचा धूर आणि घरातील पुरुषांच्या सिगारेटचा धूर ही त्याची ज्ञात कारणे आहेत. त्यामुळे घरात ओढणारे आणखी कोणी असेल, तर त्यांनाही थांबवावे लागेल. खर्रा (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण) मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी निगडित आहे, पण सिगारेट सोडून खर्रा धरणे हा उपाय नव्हे, हे आपल्या नागपुरात सांगावेच लागते.

धरमपेठकर

वहिनींचे गर्भाशय काढलेले नाही. मग केवळ इस्ट्रोजेन देता येईल का? आणि आत्ताच छातीचा सीटी स्कॅन करून घ्यावा का?

उत्तर 1 (निवृत्त फिजिशियन)

गर्भाशय असताना केवळ इस्ट्रोजेन दिल्यास त्याचे अस्तर जाड होऊन तेथील कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून प्रोजेस्टिन जोडावेच लागते. शिवाय पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्या बाईच्या बाबतीत मला फुफ्फुसाआधी याचीच काळजी वाटते. रात्रीच्या घामासाठी हार्मोन नसलेली औषधेही उपलब्ध आहेत.

तपासणीसाठी कमी किरणांच्या सीटी स्कॅनचा अमेरिकेतील निकष 50 ते 80 वयोगटाचा आणि किमान रोज एक पाकीट (20 सिगारेटी) याप्रमाणे 20 वर्षांइतक्या धूम्रपानाचा आहे. वहिनींचा हिशेब त्याच्या निम्म्यावर येतो. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डागही स्कॅनमध्ये दिसतात आणि त्यातून निष्कारण सुई-तपासण्या मागे लागतात. तथापि खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीतून रक्त आले किंवा वजन घटू लागले, तर हा निकष बाजूला ठेवून लगेच छातीच्या डॉक्टरांना दाखवावे.

सिगारेट सोडल्यावर 10 ते 15 वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढतच राहणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर येतो. पुढच्या भेटीला सासूबाईंना बाहेर बसवा आणि गोळ्या सुरू करण्यापूर्वी वहिनींना खरे काय ते डॉक्टरांना सांगू द्या.