पासाऊ ते बुडापेस्ट छोटी रिव्हर क्रूझ, आईबाबांना झेपेल का?

मांजलपूरकर
नमस्कार मंडळी, सप्टेंबरात आईबाबांना युरोप दाखवायचं चाललंय. बाबा ७२, आई ६८, आईचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे नेहमीचा बसटूर नको वाटतोय, रोज पहाटे उठा, बॅगा भरा, बसमध्ये चढा, कुठल्यातरी चौकात वीस मिनिटं फोटो काढा की परत बस. ऑफिसातल्या एकाने डॅन्यूबवरची छोटी क्रूझ सुचवली, जर्मनीत पासाऊला चढायचं आणि मेल्क, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टला उतरायचं, चार-पाच रात्री. ऐकायला झकास आहे पण आमचा बोटीचा अनुभव म्हणजे केवडियाची फेरी, बास. आईला बोट लागेल का, शाकाहारी माणसाची उपासमार होते का, आणि एवढे पैसे घालण्यापेक्षा तीच गावं ट्रेनने केली तर काय वाईट? बाबांचा प्रश्न वेगळाच आहे, डॅन्यूबमध्ये मगरी असतात का. बडोद्यात मगरींच्या विश्वामित्री नदीकाठी जन्म गेला की माणूस दुसरं काय विचारणार.

रावपुरावाली
मगरी नाहीत, हंस आहेत, सांगा बाबांना.
आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन हाच रूट केला, म्हणून जरा लांबड लावते. बोट लागायचा प्रश्नच नाही, नदीला लाटा नसतात, रात्री बोट चालू आहे की उभी आहे हेसुद्धा कळत नाही. बॅग एकदाच उघडायची आणि एकदाच भरायची, हे सुख साठीनंतरच्या माणसाला विचारा. आणि जुनी गावं नदीच्या काठावरच वसलेली असल्यामुळे पासाऊ, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्टला उतरलं की दहा मिनिटांत गावाच्या मधोमध. व्हिएन्नाला मात्र तसं नाही, तिथे बोटी राइक्सब्रुकं पुलापाशी लागतात, तिथून यू१ मेट्रोने चार स्टेशनं की स्टेफान्सप्लात्झ, थेट मोठ्या चर्चच्या दारात. सोपंय, पण बोटवाले त्यासाठी बसचे पैसे लावतात, नाही म्हणायचं.
आता गुडघ्यांचं. लिफ्ट आहे का हे आधी विचारा, आणि असली तर कुठल्या डेकपर्यंत जाते तेही, कारण बऱ्याच बोटींत ती सगळ्यात खालच्या मजल्यापर्यंत जातच नाही. दुसरं कोणी सांगत नाही ते असं की धक्क्यावर जागा कमी, म्हणून दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. मग तुम्हाला शेजारच्या बोटीच्या लॉबीतून, कधी तिच्या गच्चीवरून जिना चढून-उतरून काठावर जावं लागतं, आणि बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरून समोर दिसतो कोण, तर शेजारच्या खोलीतला टॉवेलमधला जर्मन आजोबा. गावांतले रस्तेही दगडी फरसबंदीचे, आईंना जाड सोलचे बूट घ्या, सँडल नको.
बाकी पासाऊला चढायच्या आधी एक दिवस हातात ठेवाच. तिथे इन, डॅन्यूब आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात आणि तिघींचे रंग वेगळे दिसतात, इल्झ तर काळीच, दलदलीतून येते म्हणून. टाउन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्यात, २०१३ च्या पुराची खूण बघून सासरे गप्पच झाले.

अकोट्याचा_भटक्या
माझं मत उलटं आहे, रागावू नका. या बोटी बहुतेक अंतर रात्री कापतात, म्हणजे ज्या नदीसाठी एवढे पैसे दिले ती तुम्ही झोपेत बघता. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा ट्रेनने तासभर, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. तिन्ही शहरांत दोन-दोन रात्री राहा, संध्याकाळी कॅफेत निवांत बसा, बोटीवर तर संध्याकाळी ठराविक वेळेला जेवायला हजर व्हायचं आणि रात्री शहर सोडून निघायचं. नदी हवीच असेल तर मेल्क ते क्रेम्स दिवसाची बोट घ्या, हाच तो वाखाऊचा पट्टा, ३५-३६ किलोमीटर, २००० साली जागतिक वारशाच्या यादीत आलेला, द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा आणि ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला, जिथे ११९२ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. फक्त मेल्ककडून क्रेम्सकडे जा, प्रवाहाबरोबर पावणेदोन तास लागतात, उलट्या दिशेने तीन.

रावपुरावाली
अहो पण ट्रेन म्हणजे परत बॅगा, प्लॅटफॉर्म, हॉटेलचं चेक-इन. तुम्ही एकटे भटकता, ते आईवडिलांना नेतायत. वाखाऊचं मात्र शंभर टक्के बरोबर. मांजलपूरकर, बुक करताना एवढंच विचारा की वाखाऊ दिवसा आहे का. रात्री पार करत असतील तर ती क्रूझ सोडा. तसंच बुडापेस्टला दिवे लागल्यावर बोट पोचते किंवा निघते का तेही बघा, चेन ब्रिजखालून जाताना डावीउजवीकडे किल्ला आणि पार्लमेंट उजळलेलं, तेवढ्यासाठी मी परत जाईन.

फतेहगंज_इंजिनीअर
सप्टेंबर म्हणताय म्हणून पाण्याचं सांगतो. डॅन्यूब कितीही मोठी असली तरी उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं आणि बोटी अडकतात. सगळ्यात वाईट पट्टा बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, तिथे बांध नाहीत आणि पात्र उथळ आहे. पण तो पासाऊच्या वरच्या बाजूला येतो, म्हणजे न्यूरेंबर्ग किंवा रेगेन्सबुर्गहून निघणाऱ्यांपेक्षा तुमचा रूट सुरक्षित. वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या खालीही नदी मोकळी वाहते, पण तिथे त्रास कमी. उलटही होतं, २०२४ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियात एवढा पूर आला की क्रूझच्या बोटी व्हिएन्नात अडकून पडल्या, आपल्याकडे विश्वामित्री घरात शिरली त्याच्या नंतरच्याच महिन्यात. पाणी चढलं की बोट पुलाखालून जात नाही, एवढं साधं आहे. असं झालं की कंपनी मधला टप्पा बसने करवते आणि करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते वाचा.
बाबांना एक गंमत दाखवा, कमी उंचीचा पूल आला की कप्तानाची केबिन चक्क खाली सरकते, गच्चीवरचे कठडे आडवे करतात आणि सगळ्यांना खाली पाठवतात. आणि ब्रातिस्लाव्हाच्या पुढे गाब्चिकोवोचा लॉक आहे, बोट भिंतींच्या मधे उभी करून पाण्यासकट खाली उतरवतात. ते बघायला झोपमोड झाली तरी चालेल.

सुरसागरकाठची_काकू
जेवणाचं मी सांगते. बुक करतानाच शाकाहारी लिहून द्या आणि अंडं चालतं की नाही तेही. बोटीवर पहिल्या दिवशी शेफला भेटून सूपबद्दल विचारायचं, भाजीचं सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. बाकी ब्रेड, चीज, बटाटे, सॅलड, स्ट्रुडेल, उपाशी कोणी राहत नाही पण चौथ्या दिवशी जीव तिखटासाठी तळमळतो, तेव्हा लीलो चेवडा आणि खाखरे बॅगेत असू द्यात. पेढे, श्रीखंड, बासुंदी काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे.
व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी चारही देश त्यातच आहेत. अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे, तुमच्या बाबतीत बहुधा ऑस्ट्रिया, पण रात्री मोजून घ्या. आईबाबांना बोटांच्या ठशांसाठी अहमदाबादला न्यावं लागेल. मोठ्या माणसाची फी ९० युरो आणि ३०,००० युरोच्या कव्हरचा इन्शुरन्स.
आणि अकोट्याच्या भाऊंना म्हणावं, सयाजीराव महाराज १८८७ पासून युरोपला जात होते, त्यांनाही बॅगा उचलायला माणसं होती!

मांजलपूरकर
काकू, ताई, सगळ्यांचे आभार. दर बघितले, खालच्या डेकची खोली बरीच स्वस्त आहे, बाबा म्हणतात झोपायलाच तर जायचं तिथे. घ्यावी का?

रावपुरावाली
तुमच्या स्वतःसाठी घ्या खालची. तिथे खिडकी वर छताजवळ, लहान आणि उघडत नाही, पाणी जेमतेम खाली. आईबाबांना मधला डेक, लिफ्टच्या जवळ पण इंजिनाच्या म्हणजे मागच्या टोकाला नको. आणि बुडापेस्टला उतरल्यावर दोन रात्री जास्त ठेवा, सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात आईंचे गुडघे शेकून घ्या, पोहण्याचे कपडे इथूनच न्या, तिथे फार महाग मिळतात.