अनुभव धागा: स्टिअरिंग धरायला तुम्हाला कुणी शिकवलं?

क्लच-ब्रेक शिकवणारे पुष्कळ भेटतात. हात कुठे ठेवायचे, स्टिअरिंग किती कापायचं म्हणजे फिरवायचं, परत सरळ कसं आणायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत वळण आलं की शेजारचे सरच हात लांबवून स्टिअरिंग फिरवतात. लायसन्स मिळतं, पण हातांना सवय कसली झालेली नसते.

मला हे नीट दाखवलं माझ्या मामाने. आधी सीट: पाठ टेकून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. पूर्वी दहा-दोन सांगायचे, पण आता मधोमध एअरबॅग असते. हात वर असतील तर ती फुगताना ते तोंडावर फेकले जाऊ शकतात.

नवीन शिकणाऱ्यांसाठी तुमचे अनुभव जरूर लिहा.

थेम्सकाठ: भारतीय लायसन्सवर इथे बारा महिनेच गाडी चालवता येते, म्हणून ब्रिटनमध्ये पुन्हा शिकले. उजवीकडे वळताना उजवा हात वरून खाली ओढतो, डावा सैल सरकत खाली येतो, मग तो वर ढकलतो आणि उजवा सरकतो. हात एकमेकांवरून जातच नाहीत. तसे गेले म्हणून कुणी नापास करत नाही, गाडी ताब्यात हवी. तरी मला हीच पद्धत पटली, कारण वळणाच्या मध्येही दोन्ही हात मोकळे राहतात.

घाटवाट: चिपळूणचा आहे, कुंभार्ली घाटातच शिकलो. तिथल्या आवळ वळणांवर हातावर हात टाकूनच पटापट स्टिअरिंग फिरवावं लागतं. माझं कळकळीचं सांगणं दोनच गोष्टींचं. वेग आणि गिअर वळणाच्या आधीच कमी करा. आणि नजर बॉनेटवर नको, वळण जिथे सुटतं तिथे हवी. हात आपोआप नजरेमागे जातात. वळण संपताना चाकं स्वतःच सरळ होऊ पाहतात, तेव्हा स्टिअरिंग एकदम सोडू नका, तळव्यांतून सरकू द्या. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

मीनल_प: आरटीओच्या 'एच'साठी (लायसन्सच्या चाचणीतला एच आकाराचा मार्ग): गाडी अगदी हळू सरकत असतानाच स्टिअरिंग कापा. उभ्या गाडीत कापलं तर टायर जागीच घासतात. रिव्हर्समध्ये मागचा भाग आत वळतो तेव्हा पुढचं तोंड बाहेर फेकलं जातं, त्या बाजूलाही बघत राहा.

नवी_चालक: सरळ रस्त्यावरही माझी गाडी डावीकडे जाते. माझाच हात जड आहे का?

घाटवाट: रस्त्याला पाणी निघून जायला कडेकडे उतार असतो, त्यामुळे थोडं डावीकडे जाणारच. जास्त ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा तपासा, मग चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.