एसावाची बाजू

बायबलमधल्या एसावाबद्दल कुणीतरी लिहिलंय की त्याने धाकट्या जुळ्या भावाला, याकोबाला, वाटीभर वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला, तेव्हा पुढे झालं ते त्याच्याच करणीचं फळ. अर्धंच पटलं. हक्क विकला खरा (बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, अध्याय २५), पण बापाचा आशीर्वाद विकला नव्हता. तो याकोबाने, आपण केसाळ एसावच आहोत असं भासवायला हातांना करडांची कातडी गुंडाळून, दृष्टी गेलेल्या बापाला, इसहाकाला, फसवून घेतला. आणि ही युक्ती कुणाची? आईची! बापाचा लाडका एसाव, आई रिबकेचा याकोब. भांडणाचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

३३वा अध्याय मात्र आपण घाईत वाचतो. एसावाच्या रागाला भिऊन पळालेला याकोब २० वर्षांनी परततोय, समोरून एसाव ४०० माणसं घेऊन येतोय. भीतीने याकोबाने २०० शेळ्या, २०० मेंढ्या, उंटिणी, गाई असे कळपच्या कळप भेट म्हणून आधीच पुढे धाडलेत. सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, मुका घेतो, दोघेही रडतात. भेट नको म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे. याकोब म्हणतो, तुझं मुख पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं.

आणि मग लगेच थाप! मुलं लहान आहेत, तू पुढे हो, मी सावकाश सेईरला (एसावाच्या मुलखात) येतो, असं सांगून गडी जातो भलतीकडेच, सुक्कोथला. समेट हवा, शेजार नको. (चुलत्यांकडच्या लग्नात जेवून रात्रीच परत फिरणारे आमचे वडील आठवले.)

यानंतर दोघे भाऊ एकत्र दिसतात ते थेट इसहाकाला पुरताना.