मदत हवी: पायथनमध्ये लिस्टचे गट करताना नेरूळ दोनदा येतंय (अर्जंट)

खारघरचा_पप्पू: आईच्या फराळाच्या ऑर्डरींची लिस्ट आहे, नाव आणि एरिया, आता एरियावार गट करायचेत म्हणजे भावाला नवी मुंबईतला एकेक नोड (एरिया) उरकत जाता येईल, तर ग्रुपबाय (गट करणारं फंक्शन) लावलं, वाशी बरोबर येतंय पण नेरूळ दोनदा नि बेलापूर तीनदा. उद्या सकाळी पाकिटं निघणारेत, लवकर सांगा.

घोडबंदरी: ग्रुपबाय कुठलं? पांडास लायब्ररीचं की इटरटूल्स मॉड्यूलचं? कोड टाक ना भावा, आम्हाला काय स्वप्न पडणारे?

खारघरचा_पप्पू: इटरटूल्सचंच. कोडमध्ये काय बघायचंय, एकच ओळ आहे.

सेक्टर_आठ: आधी सॉर्ट केलीस का लिस्ट? ते लागोपाठ आलेलेच एकत्र धरतं. नेरूळ, नेरूळ, मग वाशी, परत नेरूळ आलं की ते नवीन गट उघडतं. एरियावर सॉर्ट कर मग लाव. आणि प्रत्येक गट तिथल्या तिथे लिस्टमध्ये उतरवून घे, पुढच्या गटावर गेलास की मागचा हाती लागत नाही.

घोडबंदरी: एवढा कुटाणा कशाला, कलेक्शन्स मॉड्यूलमधलं डिफॉल्टडिक्ट घे (नवीन एरिया आला की त्याच्या नावाने रिकामी लिस्ट आपोआप उघडणारी डिक्शनरी), त्याला लिस्ट दे, लूपमध्ये एरियाखाली नाव अपेंड करत जा, संपलं. ऑर्डरींचा क्रमही राहतो.

सेक्टर_आठ: क्रम सॉर्टनेही राहतो, पायथनचं सॉर्ट स्टेबल आहे, एकाच एरियातल्यांचा आधीचा क्रम हलवत नाही.

घोडबंदरी: गटातल्या नावांचा राहतो हो, एरियांचा कुठे राहतो? डिक्शनरी पायथन ३.७ पासून ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने देते.

ऐरोलीवाला: तीन-तीनचे गट पाहिजे असतील तर ३.१२ मध्ये बॅच्ड आलंय, भारी आहे.

खारघरचा_पप्पू: तीन-तीन कोणी मागितले???

हिशेबनीस: एक्सेल, पिव्हट टेबल, दोन मिनिटं. पोरांना उगाच कोडिंगची हौस.

कोपरीची_मावशी: चकली भाजणीची आहे का? ठाण्यात पोचवता का रे बाळा?

खारघरचा_पप्पू: मावशी, भाजणीचीच, पण ठाण्याला नाही जमत. डिफॉल्टडिक्ट चाललं! बेलापूर एकच आलं. नेरूळ मात्र अजून दोन.

सेक्टर_आठ: एरियांची नावं छाप, नीट बघ.

खारघरचा_पप्पू: एक नेरूळ, एक नेरुळ 😭

घोडबंदरी: ऱ्हस्व-दीर्घ! पायथनच्या लेखी दोन वेगळी गावं. नेरुळ आलं की नेरूळ करणारी छोटी डिक्शनरी ठेव, आणि स्ट्रिप पण मार, लोक फॉर्ममध्ये शेवटी स्पेस सोडतात. सॉर्टने हे सुटलं नसतं बरं का.

सेक्टर_आठ: तुमच्या डिफॉल्टडिक्टने तरी कुठे सुटलं?