कॅसेट ते पेनड्राइव्ह: नाशिककरांनो, नेमकं कसं करता ते लिहा

बाजारात विकत मिळालेल्या गाण्यांच्या कॅसेटी तूर्त बाजूला ठेवू. त्यांतली बरीच गाणी कुठे ना कुठे चांगल्या प्रतीत सापडतात. भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण, २००३च्या सिंहस्थातली कीर्तनं, आजीच्या ओव्या यांची मात्र ती एकच कॅसेट असते. उपकरण कोणतं, सेटिंग काय, बिघडतं कुठे, एवढंच लिहा.

पंचवटीकर
आधी कॅसेट उजेडात धरून पाहा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टेपच्या कडेला पांढरी भुकटी धरते. ती बुरशी. तशी कॅसेट प्लेअरला लावली की बुरशी हेडला (टेप वाचणारा भाग) आणि पिंच रोलरला (टेप ओढणारं रबरी चाक) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते. त्या कॅसेटी वेगळ्या ठेवा, सगळ्यांत शेवटी घ्या.

चांगली दिसणारी कॅसेटसुद्धा लगेच वाजवायची नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळायची, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. हेडसमोर येणारा बारीक फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबलेला येतो. अशा वेळी पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडून टेपची दोन्ही रिळं तिच्यात बसवा. कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर सांध्यावर ब्लेड चालवावं लागतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठवालीपेक्षा पातळ असते, तिला ओढाताण सोसत नाही.

सिडकोतला टेपवाला
सगळ्यांत जास्त नुकसान हेडच्या कोनामुळे होतं आणि त्याकडेच कुणी पाहत नाही. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, त्यामुळे प्रत्येकीचा कोन किंचित वेगळा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकत राहा आणि टाळ-झांज सर्वांत लख्ख ऐकू येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवा, अगदी पाव फेऱ्याच्या आत. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नको. इथे हरवलेला वरचा सूर पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

हेड आणि पिंच रोलर दर चार-पाच कॅसेटींनंतर पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. ॲसिटोन नको, रबर आणि प्लास्टिक दोन्ही खातं.

गंगापूर रोड
सिडकोकर, तुमच्या मुद्द्यापुढचं लिहितो. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते बहुधा एकाच चॅनेलचं असतं आणि आवाज फुगवून फाडतं. लाइन-इन (बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपचा हेडफोनचा आवाज साधारण निम्म्यावर ठेवा आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घरघर आली तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

फाइल भरायची ती ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल). तासाला सुमारे ६३५ एमबी. ही मूळ प्रत. ऐकायची एमपीथ्री तिच्यावरून वेगळी करा, १९२ केबीपीएसला तासाला ८६ एमबी होते. १२८ वर टाळांचा सळसळाट होतो, भजनाला ती पुरत नाही. नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने खरखर कमी करणं, तेही जपूनच: जास्त केलं की तंबोरा पाण्यात वाजल्यासारखा येतो.

हार्मोनियमवाले
वेग तपासा. उतरलेल्या सेलवर भरलेली टेप तेव्हा हळू फिरली, म्हणून आज नीट यंत्रावर ती जलद वाजते. पेटीचा सूर स्थिर असतो. मंडळाची पट्टी काळी एक आणि टेपवर पांढरी दोन येत असेल, तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. ऑडॅसिटीत वेग बदला, नुसती पट्टी नको. नाहीतर लय जलदच राहील.

रविवार कारंजा
७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल एवढंच: त्या लाखेच्या. स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. सुईही एलपीची चालत नाही, रुंद टोकाची लागते.

दिंडोरीहून
पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना बघा: ट्रॅक्टर, जीपचे प्लेअर बहुतेक एफएटी३२ फॉरमॅटच वाचतात, एनटीएफएस नाही. बरेच प्लेअर नावाच्या क्रमाने नाही, तर कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. म्हणून सगळं एकदम ओढून न टाकता फाइली ०१, ०२ अशा क्रमाने एकेक कॉपी करा. धक्क्यांनी लांब पेनड्राइव्ह सॉकेटमध्ये ढिला होतो, बुटका घ्या.

पंचवटीकर
स्वस्त पेनड्राइव्हवर ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत ८च भरतात, पुढच्या फाइली गप्प बिघडतात. विकत घेतल्याबरोबर एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. पेनड्राइव्ह ऐकायला, जपायला नव्हे. न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यातला विद्युतभार ओसरतो. वेव्ह प्रती दोन हार्डडिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नका, पुढे कोन आणखी नीट लावून पुन्हा भरता येते.

इंदिरानगर
प्लेअरवर अभंगांच्या नावांऐवजी चौकोन दिसतात. काय करावं?

गंगापूर रोड
ताई, आधी टॅग (फाइलच्या आत साठवलेली गाण्याची नावं) आयडीथ्री २.३ आणि यूटीएफ-१६ या प्रकारात साठवून बघा. पुष्कळ जुने प्लेअर २.४ वाचत नाहीत. तरीही चौकोन राहिले तर त्या प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ऐकायच्या प्रतीला रोमन नावं द्या, मूळ प्रतीची नावं देवनागरीतच राहू द्या.