सँडस्टोनला जायचं का?

प्रेषक: सहल समिती, पर्थ
विषय: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

नमस्कार मंडळी,

विसर्जनानंतरच्या लाँग वीकएंडला माउंट मॅग्नेटवरून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या सँडस्टोन या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावाला जायचं ठरलं होतं. सहा कुटुंबं, चार गाड्या. रानफुलं बघायची आणि ज्यांना हौस आहे त्यांनी डिटेक्टर घेऊन सोनं शोधायचं. काल दोन घरांनी नाव मागे घेतलं. कारण विचारलं तर २०१५ साली तिथे बेपत्ता झालेल्या जोडप्याचा विषय निघाला. जुन्या लोकांना प्रकरण ठाऊक आहे, नव्यांनी त्यावरचे व्हिडिओ पाहिलेत. कालगूर्लीचे काका आणि इतर जाणत्यांनी कृपया दोन शब्द लिहावेत. शुक्रवारपर्यंत कॅरॅव्हान पार्कला आकडा कळवायचा आहे.

---

प्रेषक: यंदाच पर्थला आलेला सभासद
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

काका, नाव मागे घेतलेल्यांपैकी एक घर आमचं. आईने सांगलीहून फोन केला, "दुसरीकडे कुठेही जा, त्या गावाला नको." तिला काय सांगावं ते सुचेना, कारण मलाच नीट माहीत नाही. शिवाय परवा रात्री आपल्या व्हॉट्सॲप गटावर दोन तास "कोणी केलं असेल" हेच चाललं होतं. एकाने नाव घेऊन निकालही देऊन टाकला. वाचून कसंतरीच झालं. नक्की काय घडलं होतं?

---

प्रेषक: कालगूर्लीचे काका
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

बाळा, बरं झालं विचारलंस.

त्या दोघांची नावं वर्तमानपत्रांत आलेली आहेत, मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांच्या दृष्टीने हे प्रकरण अजून संपलेलं नाही.

मार्च २०१५. चाळिशी ओलांडलेलं नवरा-बायकोचं जोडपं, गव्हाच्या पट्ट्यातलं. सोनं शोधायला सँडस्टोनजवळच्या रानात तळ टाकून राहिले. सोबत त्यांचा ग्रेट डेन कुत्रा होता. काही दिवसांनी तो कुत्रा एकटाच गावात आला, आणि त्यावरून लोकांना शंका आली. वासराएवढं जनावर, धन्याशिवाय फिरतंय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे गावाने ओळखलं. मग पोलीस आले, स्वयंसेवक आले, रान पिंजून काढलं. एप्रिलच्या सुरुवातीला नवऱ्याचा मृतदेह एका सोडून दिलेल्या खाणीच्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या खड्ड्यात, सापडला. शाफ्ट सुमारे १२ मीटर खोल, त्यांच्या मुक्कामापासून दोनेक किलोमीटरच्या आत. बायको सापडली नाही. पुढे कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी झाली आणि दोघांचाही मृत्यू मनुष्यवधाने झाला असा निष्कर्ष निघाला.

मला माहीत आहे ते एवढंच. यापुढचं जे गटावर चाललं होतं ते अंदाज.

पण ते रान मला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. सँडस्टोन आज शंभरेक वस्तीचंही गाव नाही. १९१० च्या आसपास तिथे हजारो माणसं राहत होती, रेल्वे आली होती. ती माणसं जमीन उकरून सोन्याच्या शिरेमागे गेली, शीर संपली की तसंच भोक टाकून पुढच्या ठिकाणी गेली. बुजवण्याची पद्धत नव्हती. अख्ख्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात अशा जुन्या खाणकामाच्या खुणा सरकारी भूगर्भ खात्याने मोजल्या आहेत, त्या दीड लाखाच्या वर भरतात. त्यात उथळ चर आले, ढिगारे आले, आणि हे शाफ्टही आले.

आपल्याकडच्या विहिरीला कठडा असतो, रहाट असतो, निदान बाजूला एखादा उंबर असतो. गावातल्या पोराला सुद्धा कळतं की इथे विहीर आहे. शाफ्टला यातलं काही नसतं. तोंड जेमतेम दीड मीटरचं, भोवतीचं लाकूड शंभर वर्षांत वाळवीने खाल्लेलं, वर मल्गाची झुडपं वाढलेली. तोंडाजवळची माती खालून पोखरलेली असते, वरून मात्र घट्ट दिसते. ओळखायची खूण एकच, बाहेर काढून टाकलेल्या फोडलेल्या दगडांचा ढीग. आसपासच्या लाल मातीत त्याचा रंग वेगळा दिसतो. असा ढीग दिसला की त्याच्या पलीकडे खड्डा आहे असं धरूनच चालायचं.

इथल्या माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. लिओनोराच्या बाजूला नमुने घेत होतो. हातात मोजपट्टी, नजर सोबत्याकडे, आणि मी उलटा चालत पट्टी सोडत होतो. टाच एकदम मऊ मातीत गेली. सोबत्याने धावत येऊन पाठीवरची सॅक धरून मला ओढलं. मग आम्ही दोघं पोटावर झोपून पुढे सरकलो आणि त्याने एक खडा आत टाकला. आवाज यायला दीड सेकंद लागला असेल. दीड सेकंद म्हणजे तेवढाच, बारा-एक मीटर. चार मजले. खालून थंड, कोंदट हवा येत होती. तो खडा पडल्याचा बारीक आवाज मला अजून आठवतो, आणि २०१५ ची बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा तोच कानात आला.

म्हणून आईला सांग, त्या गावात वाईट माणसं बसलेली नाहीत. कुत्रा पाहून विचारपूस करणारी माणसं आहेत ती. भीती धरायची तर एका गोष्टीची धरावी. तिथे माणसाला काही झालं तर ते दुसऱ्याला कळायला फार वेळ लागतो. पाय घसरला असो की कोणी घातपात केला असो, मधले दिवस हातचे जातात. गाडीची चाकोरी पुसली जाते. मार्चच्या उन्हात तर एक दिवससुद्धा पुष्कळ झाला. त्या जोडप्याच्या वेळी तो मुका जीव आला म्हणून कळलं. तो आला नसता तर आणखी किती दिवस गेले असते याचा विचार करवत नाही.

---

प्रेषक: ताई, पर्थ (वकील)
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

काकांचं वाचलं. मी गटावरच्या त्या चर्चेबद्दल लिहिते, कारण मला ती मनापासून खटकली.

आपल्यातले मुंबईचे जुने लोक कॉरोनर म्हणजे काय ते जाणतात. मुंबईत १९९९ पर्यंत ते पद होतं. इथे ते अजून आहे, १९९६ च्या कायद्याखाली. मेलेली व्यक्ती कोण, मृत्यू कसा आणि कशाने झाला, हे कॉरोनर ठरवतात. देह सापडला नसला तरी मृत्यूचा संशय असेल तर चौकशी होते, आणि तिचा निष्कर्ष आल्यावर मृत्यूची नोंद करता येते. घरच्यांना याचा केवढा आधार असतो ते बाहेरच्याला कळत नाही. नोंद नसेल तर बँकेचं खातं, घराचा कागद, सगळंच अडून राहतं. भारतात अशा वेळी सात वर्षांचा नियम लावतात, ती सात वर्षं काढणारं एक घर मी साताऱ्यात जवळून पाहिलंय. दर संक्रांतीला त्या काकू हळदीकुंकवाला जावं की नाही, यावरून रडायच्या.

त्याच कायद्यात असंही आहे की अमुक माणूस गुन्ह्याचा दोषी आहे असं सुचवणारा निष्कर्ष कॉरोनरने लिहायचा नाही. महिनोन् महिने पुरावा वाचून, साक्षी ऐकून, त्या खुर्चीवरच्या माणसालासुद्धा ही मुभा नाही. आपण जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याच्यावर अन्याय होतो, आणि उद्या खरोखर कोणावर खटला उभा राहिला तर अशा बोलण्याने त्यालाही बाधा येऊ शकते. कोणाकडे खरी माहिती असेल तर क्राइम स्टॉपर्सला १८०० ३३३ ००० वर सांगावी, नाव न देताही सांगता येते. नसेल तर ते मेसेज काढून टाका, ही विनंती. मी स्वतः त्या रात्री वाचत बसले आणि गप्प राहिले, तेव्हाच बोलायला हवं होतं.

---

प्रेषक: यंदाच पर्थला आलेला सभासद
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

ताई, काका, दोघांचे आभार. आईला काकांचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. ती शाफ्टच्या वर्णनापाशी "थांब जरा" म्हणाली, मग पुढे वाच म्हणाली. शेवटी तिने एकच विचारलं, "तुम्ही वेळेवर परत आला नाहीत, तर ते कोणाला कळणार?" आणि पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं ना?

---

प्रेषक: ताई, पर्थ (वकील)
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

नाही, अजिबात थांबावं लागत नाही. २४ तासांची गोष्ट सिनेमातून आली आहे आणि तिच्यापायी लोक मौल्यवान वेळ घालवतात. माणसाच्या सुखरूपपणाची काळजी वाटली की लगेच १३१ ४४४ वर फोन करायचा. जिवाला धोका दिसत असेल तर थेट ०००.

---

प्रेषक: कालगूर्लीचे काका
विषय: उत्तर: सप्टेंबरची सँडस्टोन सहल

बाळा, तुझ्या आईने नेमकं विचारलं. तिचं उत्तर देतो आणि मग समितीने आकडा कळवावा.

गाव सोडलं की थोड्याच अंतरावर मोबाइल बंद पडतो, म्हणून प्रत्येक गाडीत पीएलबी हवा. हाताच्या पंजात मावणारं यंत्र आहे, बटण दाबलं की उपग्रहावरून थेट बचाव केंद्राला ठिकाण कळतं. विकत घेतलं की नोंदणी करायची, ती मोफत असते. नोंदणी नसेल तर कोणाला फोन करायचा हे केंद्राला कळत नाही. माझ्याकडे दोन आहेत, घेऊन जा. ज्यांना डिटेक्टर चालवायचाय त्यांनी मायनर्स राइट हा सरकारी परवाना काढूनच निघावं, त्याशिवाय सोनं शोधणं कायद्यात बसत नाही. कोणाच्या परवान्याच्या जमिनीवर आहोत हे नकाशावर बघून घ्या.

डिटेक्टरवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. कानाला हेडफोन आणि नजर जमिनीवर असली की माणूस तंद्रीत जातो. दोघांनी मिळून चालायचं, एकाने ऐकायचं, दुसऱ्याने पुढे बघायचं. उलटं चालायचं नाही. मुलं ढिगाऱ्यांकडे धावतात, त्यांना तळावर सोबतीला मोठं माणूस ठेवा. कोणी शाफ्टमध्ये पडलंच तर मागोमाग उतरू नका, खालची हवा विषारी असू शकते.

आता वेळेचं. चारही गाड्यांचे नंबर, कोणत्या गाडीत कोण, आणि कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला जाणार, एवढं एका कागदावर लिहा. एक प्रत कॅरॅव्हान पार्कवर द्या, दुसरी मला पाठवा. रोज संध्याकाळी गावात आल्यावर तुमच्यापैकी एकाने मला फोन करायचा. मी सहा वाजता फोनपाशी बसलेला असेन. साडेसहाला कॅरॅव्हान पार्कला विचारेन, सातला पोलिसांना कळवेन. गप्पांच्या नादात फोन करायचा राहून गेला असेल तरी कळवेन, त्याचा राग मानू नका.

तुझ्या आईचा नंबर मला वेगळ्या मेलने पाठव. तुमचा फोन येऊन गेला की मी रोज तिला सांगेन. तिच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतील, जागीच असेल ती.